न भरणारी टाकी

मिस्त्रीच्या संडासाची टाकी बावीस वर्षांत एकदाही उपसली नव्हती, आणि ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. ठाऊक नसायला मिस्त्रीने वाव कुठे ठेवला होता? कुणाच्या घराच्या पायाची आखणी चालू असो की कुणाचं छत गळत असो, बोलणं फिरून फिरून त्या टाकीवरच यायचं. लोकांच्या टाक्या चार-पाच वर्षांत तोंडाशी येतात, माझी अजून निम्मीसुद्धा भरलेली नाही, असं तो सांगायचा. ऐकणारा विचारायचा, असं काय केलंत हो तिच्यात? मग मिस्त्री थापी पाण्यात बुडवायचा, झटकायचा आणि हसायचा. हाताची कला आहे, म्हणायचा.

कला कसली आणि काय! टाकीच्या अंगात, तळापासून हातभर वर, त्याने चार इंची पाइप बसवला होता. तो पाइप घराशेजारच्या बोळाखालून उतरत उतरत ओढ्याकाठच्या धुण्याच्या पायऱ्यांपाशी, दगडांच्या मागे निघत होता. टाकी भरणार कुठून? हे माहीत असलेली माणसं तीन. एक मिस्त्री स्वतः. दुसरी त्याची बायको, जिने पाइपाचं दुसरं टोक धरलं होतं. तिसरे त्याचे वडील, तेही मिस्त्रीच, जे पाइप बघून काही बोलले नव्हते, फक्त त्या दिवशी जेवले नव्हते. ते जाऊन आता पंधरा वर्षं झाली होती.

बोळ पालिकेचा होता. पाइप पुरून झाल्यावर मिस्त्रीने बोळाच्या तोंडाला पत्र्याचं फाटक ठोकलं. भटकी जनावरं शिरतात, असं सांगितलं. पायऱ्यांकडे जायला लोकांना तेव्हापासून अख्खी आळी ओलांडून वळसा पडू लागला. वर्षभर कुरकुर झाली, मग वळशाचीच वाट झाली.

या वर्षी पाऊस लवकर आटोपला. उन्हाळा अर्धाही सरला नव्हता तोच ओढ्याची धार करंगळीएवढी झाली. पायऱ्यांपाशी पाणी साचून राहायचं आणि दुपारी त्याला वास मारायचा. त्यातच पालिकेने नवे नियम काढले आणि चौकातल्या फळ्यावर लावले. सार्वजनिक वाटेवर कुणाचं फाटक, पायरी, टाकीचं झाकण काहीही चालणार नाही. मैला उपसायची गाडी प्रत्येक टाकीपर्यंत पोचली पाहिजे. तीन वर्षांतून एकदा टाकी उपसायचीच. ज्याच्या टाकीतून घाण बाहेर पडेल, त्याच्या संडासाला दुरुस्ती होईपर्यंत सील. मिस्त्रीने फळ्यासमोर उभं राहून सगळं वाचलं आणि शेजाऱ्याला म्हणाला, बरं झालं, कुणीतरी शिस्त लावायला हवीच होती.

फाटक काढायला पालिकेचे दोघे आले तेव्हा मिस्त्रीने मोठ्या मनाने घरातली पहार आणून दिली. बिजागऱ्या गंजल्या होत्या, त्याही स्वतःच उचकटून दिल्या. बोळ मोकळा झाला तसा दुसऱ्या दिवसापासून बायका धुण्याची गाठोडी घेऊन सरळ त्यातून ये-जा करू लागल्या, आणि तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं, की बोळाच्या खालच्या अंगाला, बाईंच्या भिंतीच्या पायथ्याशी, ओल आहे. हातभर लांबीची, काळपट हिरवी, आणि वासाची. इतका उन्हाळा असताना ती वाळत कशी नाही? तक्रार झाली.

बाई म्हणजे बोळापलीकडच्या घरातल्या, शाळेच्या बाई. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी आळीत त्यांना दुसरं नाव नव्हतं. वय सत्तरीपार, घरात एकट्या, दाराशी चपला नेहमी जुळवून ठेवलेल्या. आळीतली निम्मी मोठी माणसं त्यांच्या हाताखालून गेली होती. मिस्त्रीही गेला होता. चौथीत त्याची पाटी सगळ्यात स्वच्छ असायची, असं त्या अजून सांगायच्या.

पालिकेचा तपासनीस पोरसवदा होता, बूट नवे होते आणि ओलीजवळ वाकायची त्याला किळस येत होती. त्याने मिस्त्रीलाच बोलावून घेतलं. तुम्ही या कामातले जाणते आहात, तुम्हीच बघून सांगा, म्हणाला. आळीतली सात-आठ माणसं गोळा झाली होती. बाईही कडेला येऊन उभ्या राहिल्या.

मिस्त्री उकिडवा बसला. माती दोन बोटांत चोळून बघितली. बघायची काही गरज नव्हती. पाइपाचं कोपर नेमकं इथेच होतं, वरून बावीस वर्षांची माती दबून ते तडकलं होतं, हे त्याला बसायच्या आधीच कळलं होतं. मान वर केली तर सगळे त्याच्याच तोंडाकडे बघत होते, ज्याची टाकी बावीस वर्षांत भरली नाही त्या माणसाच्या तोंडाकडे.

"बाईंची टाकी जुनी आहे," तो म्हणाला. "फुटली असावी."

फुटली आहे असं आपण म्हणालो नाही, हे त्याने नंतर स्वतःला पुष्कळदा बजावून सांगितलं. पण तपासनिसाच्या कागदावर असल्या बारकाव्यांना जागा नव्हती. त्याने लिहून टाकलं.

बाईंनी वाद घातला नाही. "असेल," त्या म्हणाल्या. "जुनी आहे खरी." मग जमलेल्या माणसांकडे वळून म्हणाल्या, "माझ्या लक्षात यायला हवं होतं." एवढं बोलताना त्यांचे कान लाल झाले होते. शाळेत कुणाचं चुकलं तर त्या स्वतःच लाजायच्या, हे मिस्त्रीला आठवलं आणि त्याने मान खाली घातली. अर्ध्या तासात बाईंच्या संडासाच्या दारावर शिक्क्याची कागदी पट्टी चिकटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मिस्त्रीच्या दारावर टकटक झाली. बाई उभ्या होत्या. एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्या हातात फिनेलची बाटली.

"दुरुस्ती होईपर्यंत तुझ्याकडे येऊ का रे?" त्यांनी विचारलं. "सकाळी एकदाच येईन. त्रास देणार नाही."

मिस्त्री दारातून बाजूला सरकला. मागून त्याची बायको पुढे झाली आणि बाईंच्या हातातली बादली घेऊन म्हणाली, विचारताय काय बाई, आपलंच घर आहे.

त्या दिवसापासून रोजचं झालं. कधी आत मिस्त्रीचा मुलगा असायचा, कधी सून. बाई बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या अगदी कडेवर बसून राहायच्या, जणू पूर्ण बसलं तर जास्त जागा लागेल. मुलगा दाढी करता करता रेंगाळायचा. मिस्त्रीला वाटायचं, उठावं आणि त्याच्या मुस्काटात मारावी. पण ओरडायला तोंड हवं ना. तो चहाचा कप हातात धरून भिंतीकडे बघायचा. बाई बाहेर पडायच्या तेव्हा संडास आधीपेक्षा स्वच्छ असायचा; फरशी घासलेली, फिनेल टाकलेलं. सून म्हणायची, आम्हाला लाजवताय का बाई? बाई म्हणायच्या, पाहुणीने पाहुणीसारखं वागावं. आणि दर खेपेला जे पाणी खाली जायचं, ते त्याच पाइपातून त्यांच्याच भिंतीशी जाऊन पाझरायचं. मिस्त्री आत बादली ओतल्याचा आवाज ऐकायचा आणि हातातला कप तसाच खाली ठेवायचा.

दुरुस्तीचं काम अर्थातच मिस्त्रीकडेच आलं. आळीत दुसरा मिस्त्री नव्हता, आणि असता तरी बाईंनी आपल्या विद्यार्थ्यालाच सांगितलं असतं. त्याने दोन दिवस हे काम, ते काम म्हणून ढकलले. मग गाडी येऊन टाकी उपसून गेली, मिस्त्रीने तिची झाकणं दिवसभर उघडी ठेवून हवा खेळू दिली, आत कंदील सोडून ज्योत विझत नाही ना बघितलं, आणि शिडी लावून खाली उतरला.

ही टाकी त्याच्या वडिलांनी बांधली होती. चाळीस वर्षं झाली असतील. तो खाली उतरला, तळावर पाय टेकला आणि तिथेच थबकला. तळाला कोबा होता, एका कोपऱ्याकडे बेताचा उतार दिलेला, अजून गुळगुळीत. त्याने भिंतींवरून हात फिरवला. वडिलांनी गिलावा तीन हातांत केला होता. हातोडीच्या दांड्याने ठोकत ठोकत तो चारी भिंती फिरला. कुठेही पोकळ आवाज आला नाही. विटांच्या सांध्यात नखसुद्धा शिरत नव्हतं. जी टाकी कुणाला दिसणार नाही, जिच्यात कुणी कौतुकाने डोकावणार नाही, तिचे कोपरेही म्हाताऱ्याने गोल घोटून काढले होते. मिस्त्रीला रडू आलं. टाकीत उभं राहून रडायला जवळ कुणी नव्हतं हे एक बरं होतं.

"सापडली का रे भेग?" वरून बाईंनी विचारलं. चौकोनी उजेडात त्यांचं डोकं दिसत होतं. उन्हात उभ्या होत्या, डोक्यावर काही न घेता.

"बघतोय, बाई."

"सावकाश बघ. घाई करू नकोस."

भेग नाही असं म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग ओल कुणाची? मिस्त्री चारी भिंती पुन्हा एकदा ठोकून फिरला. शेवटी त्याने कमरेची छिन्नी काढली, बोळाकडच्या भिंतीवर, वरून दिसणार नाही अशा जागी, गुडघ्याएवढ्या उंचीवर टेकवली आणि हातोडीचा घाव घातला. पहिल्या घावाला गिलावा दाद देईना. दुसऱ्यालाही नाही. वडिलांचं काम फोडायला त्याला सात-आठ घाव घालावे लागले आणि प्रत्येक घावाला तो मोठ्याने खोकला. मग दोन वीत लांबीची चीर पडली. त्याने ती जरा वेडीवाकडी केली, काठ गाळाने मळलेल्या फडक्याने पुसून जुने केले.

"सापडली," त्याने वर ओरडून सांगितलं.

"बरं झालं," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात सुटका होती, आणि तीच त्याला सहन झाली नाही.

चीर बुजवायला, गिलावा करायला आणि तो पक्का व्हायला म्हणून त्याने आठवडा सांगितला. त्या आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. पहिली सुनेने पायऱ्यांवरून आणली. धुणं वाळत घालता घालता ती सासूला सांगत होती, आणि मिस्त्री आत घमेलं घासत होता. बाई म्हणे घरोघर जाऊन माफी मागून आल्या. पायऱ्यांवर धुणं धुणाऱ्या जितक्या बायका, तितक्या घरी. माझ्या घाणीत तुमचे कपडे धुतले गेले, मला माहीत नव्हतं, असं दारात उभं राहून म्हणाल्या. शिंपिणीच्या घरी तर तिची लहान मुलगी गेल्या महिन्यात जुलाबाने आजारी होती, तिला जवळ घेऊन बाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. सून सांगत होती आणि हळहळत होती. मिस्त्री तेच घमेलं पुन्हा पुन्हा घासत राहिला.

दुसरी गोष्ट त्याच्या दारातच घडली. सकाळी बाई बादली घेऊन बाहेर पडल्या आणि पायरीवर त्यांचा तोल गेला. मिस्त्रीच्या बायकोने धरलं म्हणून डोकं फुटलं नाही. आत आणून निजवलं. ओठ सुकून फाटले होते. बायकोने खोदून खोदून विचारलं तेव्हा बाईंनी सांगितलं, की दुपारनंतर त्या पाणी पीत नाहीत. रात्री जायची वेळ आली तर तुमची झोप मोडायची का? जेवणही सकाळचं एकच ठेवलं होतं. हे सगळं त्यांनी अशा सुरात सांगितलं, जसं एखाद्या मुलाला मधल्या सुट्टीत वर्गात का थांबवलं ते सांगावं.

बाईंना घरी पोचवून बायको परत आली आणि मिस्त्रीसमोर उभी राहिली. एरवी ती त्याच्यासमोर अशी उभी राहत नसे.

"पाइपाचं टोक मी धरलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा मी तरुण होते, तुम्ही म्हणाल ते खरं वाटायचं. आता मला घास जात नाही. त्या आपल्याकडे येतात, पाय पुसून आत येतात हो."

मिस्त्री म्हणाला, दोन दिवसांत त्यांचं सील निघेल, मग सगळं मिटेल. मी पाइप हळूच बुजवून टाकीन.

"आणि त्या अकरा घरी जाऊन आल्या, ते कशाने बुजवणार?"

मिस्त्रीने कोनाड्यातली थापी उचलली. बायकोने ती काढून घेतली.

"मी बोलले तर तुमचं नाव जाईल," ती म्हणाली. "तुम्ही बोललात तरी जाईल. पण तुम्ही बोललात एवढं तरी राहील." मग ती चुलीकडे गेली आणि दोन दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

तपासनीस ठरल्या दिवशी आला. बरोबर एका बाटलीत पोपटी रंगाची पूड होती. ही संडासात टाकून वर भरपूर पाणी ओतायचं. टाकी कुठे गळत असेल तर तिथे रंग निघतो, असं त्याने जमलेल्यांना समजावलं. लोकांना ते आवडलं. अर्धी आळी बोळात जमली. बाईंच्या संडासात चमचाभर पूड पडली, टाकी नव्याने पाण्याने भरलेलीच होती, वरून पंधरा बादल्या पाणी गेलं. तास झाला, दीड तास झाला. भिंतीपाशी ओल होती तशीच काळपट राहिली. रंगाचा ठिपका नाही.

"ओल अजून कशी?" तपासनिसाने विचारलं.

"जमिनीत मुरलेलं आहे," मिस्त्रीच्या तोंडून निघून गेलं. "वाळायला वेळ लागतो."

खोटं बोलायची जिभेला किती लवकर सवय लागते, हे बघून तो स्वतःच चरकला. तपासनिसाने मान डोलावली, दारावरची पट्टी फाडली आणि सगळ्यांसमोर म्हणाला की असं चोख काम सगळ्यांनी करून घ्यावं. कुणीतरी मागून बोललं, मिस्त्री कुणाचा आहे! लोक हसले. तपासनीस म्हणाला, या ओळीतली बाकीची घरंही तपासायची आहेत, तुमचं मात्र नको, तुमच्या टाकीची कीर्ती पालिकेत पोचली आहे.

बाई गर्दीतून पुढे आल्या. आठवड्यात त्यांचा चेहरा लहान झाला होता. त्यांनी मिस्त्रीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. सिमेंटने फाटलेला, खरबरीत हात.

"तू होतास म्हणून निभावलं," त्या म्हणाल्या. "नाहीतर या वयात मी कुठे जाणार होते?"

मिस्त्रीला वाटलं होतं की आज सगळं संपेल. आता त्याला कळलं की संपणार नाही. बाई जगतील तोवर रोज बोळात भेटतील, रोज उपकार मानतील, आणि त्याला ते रोज घ्यावे लागतील. त्याने हात सोडवून घेतला.

"साहेब, ती बाटली द्या," तो म्हणाला.

"कशाला?"

"माझ्या घरात टाकायची आहे."

तपासनीस हसून नको म्हणत होता, पण मिस्त्रीने बाटली घेतलीसुद्धा. राहिलेली सगळी पूड त्याने आपल्या संडासात ओतली. बायकोने बादली भरली, सुनेकडे दिली, सुनेने त्याच्याकडे. तिघांनी मिळून चाळीस-पन्नास बादल्या ओतल्या. मुलगा दारात उभा राहून आईला विचारत होता, हे काय चाललंय, आणि आई त्याला बाजूला सारत होती. मग मिस्त्री बाहेर आला आणि बाईंच्या भिंतीपाशी, ओलीच्या समोर, जमिनीवरच बसला.

फार वाट बघावी लागली नाही. आधी ओलीची कड उजळली. मग मधोमध पोपटी डाग उमटला, वाढत गेला आणि त्यातून बारीक ओघळ निघून मिस्त्रीच्या पायाशी आला. पायऱ्यांकडून बायकांचा गलका ऐकू आला. दगडांच्या फटींतून हिरवं पाणी निघतंय, कपडे उचला, असं त्या एकमेकींना सांगत होत्या.

मिस्त्रीने बसल्या बसल्याच सांगायला सुरुवात केली, खाली बघत. टाकीला पाइप आहे, बावीस वर्षांपासून. या बोळाखालून गेला आहे. फाटक त्याच्यासाठीच लावलं होतं. बाईंची टाकी धडधाकट होती. तिथली भेग मी पाडली, छिन्नीने. हे शेवटचं वाक्य त्याला दोनदा म्हणावं लागलं, कारण पहिल्यांदा मागच्यांना ऐकू गेलं नाही. गर्दीत कुणी थुंकलं. ज्याच्या घराची टाकी त्याने मागच्याच वर्षी बांधली होती तो वाणी म्हणाला, म्हणजे आमच्यातही पाइप आहे की काय? मिस्त्रीने मान हलवली, नाही. यावर कुणी विश्वास ठेवला नाही, आणि का ठेवावा?

तपासनिसाने लिहून घेतलं. पट्टी आता मिस्त्रीच्या दारावर लागली. लोक हळूहळू पांगले. मुलगा वडिलांकडे न बघता चपला घालून निघून गेला. बाई राहिल्या.

मिस्त्री उठला आणि त्यांच्यासमोर उभा राहिला, चौथीत उभा राहायचा तसा. "बाई, माझं चुकलं," तो म्हणाला.

बाईंनी पोपटी ओघळापासून पाय मागे घेतला. त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"मी अकरा घरी गेले होते," त्या म्हणाल्या. "सुरुवात शिंपिणीपासून केली होती. ऊन चढायच्या आत चार घरं झाली, बाकीची संध्याकाळी."

"हो बाई."

"आता जाशील ना?"

तो हो म्हणाला. मग त्याने विचारलं, तुम्ही बरोबर येता का? तुम्ही असलात तर बोलता येईल मला.

"मी एकटीच गेले होते," बाई म्हणाल्या, आणि घरात जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

मिस्त्री गेला. शिंपिणीचं घर आळीच्या दुसऱ्या टोकाला होतं, बातमी अजून तिथे पोचली नव्हती. आत यंत्राची टकटक चालू होती, लहान मुलगी जमिनीवर चिंध्यांशी खेळत होती. त्याला बघून शिंपीण उठली.

"या ना मिस्त्री. बाईंच्या टाकीचं झालं म्हणे. चांगलं झालं, बिचाऱ्या फार मनाला लावून घेत होत्या." तिने खुर्चीवरचे कपडे बाजूला केले. "या की आत. तुमचंही बाईंसारखंच. त्याही आत आल्या नाहीत, तिथेच उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या होत्या."

मिस्त्रीने पायाखालची फरशी बघितली. मुलगी मान वर करून त्याच्याकडे बघत होती. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि तिथूनच बोलायला सुरुवात केली.